तूसेल? अर्थात एका दिवसात मॉरिशस आडवं

शनिवार

भावाकडे दहा दिवस राहायला गेले आणि त्यातले सात समुद्र बघण्यात गेले. मी चिपळूणची. गुहागर तासाभरावर असलेल्या बाईने समुद्र बघून बघून किती बघायचा? सातव्या दिवशी त्याच्या गॅलरीतून मागच्या डोंगराकडे बोट दाखवून विचारलं, "ह्याच्या पलीकडे काय आहे रे?" तो म्हणाला, "बेट. म्हणजे उरलेलं बेट." तिथेच ठरलं.

भाऊ राहतो पश्चिम किनाऱ्यावर, फ्लिक आँ फ्लाकला. बेट उभं ६५ किलोमीटर, आडवं ४५. आमच्या रत्नागिरी जिल्ह्याचे चार तुकडे केले तर एका तुकड्यापेक्षाही हे लहानच. म्हणजे सरळ रेघ मारली तर सकाळचा नाश्ता इकडे आणि दुपारचं जेवण तिकडे. पण मध्ये पठार आहे, आणि त्या पठाराची पश्चिमेकडची कड कुऱ्हाडीने तोडल्यासारखी आहे. रस्ता वळसे घेत जातो, त्यामुळे माझ्या हिशेबाने ऐंशीएक किलोमीटर भरत होते.

भाऊ म्हणाला, "ताई, घरूनच निघ. पलीकडे पोचलीस की गाडीने आणतो." मी म्हटलं, उलट कर. आज गाडीने पलीकडे सोड, उद्या मी घरी येते. हट्ट नव्हता, वाऱ्याचा हिशेब होता. जून म्हणजे तिथला हिवाळा आणि ह्या दिवसांत वारा आग्नेयेकडून वाहतो, दिवसभर, न दमता. आग्नेयेच्या टोकावरून निघालं तर तो पाठीत. शिवाय घराकडे तोंड असलं की पाय जास्त चालतात, हा माझा अनुभव.

सायकल भाड्याची. दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर दोन फेऱ्या मारल्या, सगळे गिअर पडले, ब्रेक लागले, पैसे दिले. चढावर निघालेल्या माणसाने सायकल सपाटीवर तपासायची नसते, हे मला माहीत होतं. तरी तेच केलं.

संध्याकाळी गाडीच्या मागच्या सीटा पाडून सायकल आडवी घातली आणि माएबूरला आलो. पाटीवर स्पेलिंग वाचलं तर 'माहेबोर्ग', लोक म्हणतात माएबूर. ह्या बेटावर वाचलेलं आणि ऐकलेलं कधी जुळत नाही. समोरच्या खाडीत ऑगस्ट १८१० मध्ये फ्रेंच आणि इंग्रज आरमारांची लढाई झाली आणि फ्रेंचांनी ती जिंकली. चार महिन्यांत इंग्रजांनी बेट घेतलंच. पण भाषा फ्रेंचच राहिली आणि रस्ता इंग्रजांचा झाला, म्हणून गाड्या डावीकडून चालतात आणि शिव्या क्रेओलमध्ये, म्हणजे फ्रेंचातून घडलेल्या इथल्या बोलीत, ऐकू येतात. मला डावीकडून चालण्याशी मतलब.

खोलीच्या मालकीणबाईंनी सायकल बघितली, मला बघितलं, मागे कोणी आहे का ते बघितलं आणि विचारलं, "तूसेल?"

एकटीच? दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत हा शब्द मी इतक्यांदा ऐकला की तेच माझं नाव वाटायला लागलं.

रविवार

सहा वाजता अंधार. सूर्य पावणेसातला उगवतो आणि संध्याकाळी पावणेसहाला बुडतो, म्हणजे हातात अकरा तास. पुढे-मागे दिवे लावून सव्वासहाला निघाले. रविवार निवडला होता तो उसाच्या गाड्या कमी असतील म्हणून. गळीत हंगाम नुकताच सुरू झालेला, आणि आपल्याकडे हंगामात सांगली-कोल्हापूरच्या रस्त्यावर ज्याने सायकल चालवली असेल त्याला मी काय म्हणते ते कळेल. ह्या रस्त्यांना कडेला पट्टी नाहीच. डांबर संपलं की सरळ गटार.

मोटरवे टाळून जुन्या रस्त्याने प्लेन मान्यँ, न्यू ग्रोव्ह, मग रोज बेल. दोन्ही बाजूंना ऊस, आणि उसाच्या मधोमध काळ्या दगडांचे ढीग, काही तर घराएवढे. आधी वाटलं पडके बुरूज असतील. ते शेतातून वेचून काढलेले दगड. इथली जमीन लागवडीखाली आणताना मजुरांनी हातांनी उचलून रचलेले. एका ढिगाजवळ थांबून दगडाला हात लावला. काळा, जड, बारीक भोकं असलेला. हा दगड मी ओळखते. कुंभार्ली घाटात रस्ता खोदला की हाच निघतो.

आणि ही नुसती सारखी दिसण्यातली गोष्ट नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीखालच्या ज्या तप्त जागेवरून लाव्हा वर आला आणि दख्खनचं पठार झालं, तीच जागा पुढे, वरचा भूखंड सरकत गेला तशी, लक्षद्वीप आणि मालदीवच्या खाली आली आणि अगदी अलीकडे, ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी, तिने मॉरिशस वर काढलं. आज ती शेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून पेटतो. म्हणजे सह्याद्री थोरला आणि हे शेंडेफळ. हे पुस्तकात वाचलं होतं, पण सकाळी सात वाजता परक्या देशात दगडाला हात लावून "अरे, तू होय!" असं वाटणं वेगळं.

रोज बेलला रस्त्याकडेच्या काचेच्या पेटीतून गरम गातो पिमाँ घेतले. नाव फ्रेंच, वस्तू डाळवडा. भिजवलेली डाळ भरड वाटून, मिरची-कोथिंबीर घालून तळलेली. इथे सकाळी ते लोणी लावलेल्या पावात दाबून खातात. पावात वडा घालायला जगात फक्त मुंबईला सुचलं असं समजणाऱ्यांनी इथे एक चक्कर मारावी. चार खाल्ले, दोन कागदात बांधून घेतले. विकणारा म्हणाला, "तूसेल?" मी म्हटलं, "वी, तूसेल." त्याने पाचवा फुकट दिला.

नूव्हेल फ्रान्सपर्यंत चढ असा नाहीच. रस्ता कुठेही घाटासारखा उभा राहत नाही, फक्त सपाट कधीच होत नाही. कुंभार्ली प्रामाणिक आहे. वळण आलं, चढ आला, दम लागला. इथे तुम्हाला वाटतं आपण आज जरा मंदच चालवतोय, आणि मागे वळून पाहिलं की समुद्र खूप खाली गेलेला असतो.

ग्राँ ब्वाला मुख्य रस्ता सोडून उजवीकडे वळले आणि ऊस संपून चहा सुरू झाला. ब्वा शेरीचा चहाचा मळा १८९२ पासूनचा, व्हॅनिला घातलेल्या चहासाठी बेटभर प्रसिद्ध. भावजय कौतुकाने करते तो. मला विचाराल तर चहात व्हॅनिला म्हणजे आमटीत गुलाबपाणी, पण ते तिच्या घरात बोलायचं नाही. इथेच पाऊस आला. पाऊस म्हणजे श्रावणातला, अंगावर न पडता अंगाभोवती फिरणारा. आणि इथेच, पहिला खरा चढ समोर दिसल्यावर, सायकलीने दगा दिला.

पुढची तीन चक्रं. मधल्यावरून सगळ्यात लहान चक्रावर चेन उतरायला हवी, ती उतरेना. बोटाने दांडी दाबते, खटखट आवाज येतो, चेन जागची हलत नाही. मधल्या चक्रावर भरल्या पाठपिशवीसकट तो चढ चढवणं माझ्या सत्तेचाळीस वर्षांच्या गुडघ्यांना झेपलं असतं, पण पुढचे पंधरा किलोमीटर नाही. उतरले. चहाच्या एका वाळक्या काटकीने चेन उचलून पाहिली, काटकी मोडली. शेवटी हातानेच धरली, क्रँक अर्धा उलटा फिरवला आणि लहान चक्रावर बसवली. बोटं कोपरापर्यंत काळी. आता ठरवून टाकलं, सगळ्यात वरच्या टोकापर्यंत पुढचा गिअर हलवायचा नाही. एका चहाखुडणीवालीने रविवारचे कपडे घालून शेजारून जाताना हे सगळं पाहिलं आणि काही न बोलता पिशवीतून वर्तमानपत्राचा कागद काढून दिला. हात पुसून घेतले. ती एकटी अशी भेटली जिने 'तूसेल?' विचारलं नाही.

ग्राँ बासाँ, म्हणजे गंगातलाव, साडेनऊला. आधी धुक्यातून महादेव वर येतो. ३३ मीटर उंच, बडोद्याच्या सूरसागर तलावातल्या मूर्तीवरून घडवलेला, २००७ मध्ये उभा राहिला. समोर तेवढीच मोठी दुर्गा. एवढ्या मोठ्या मूर्ती मला दडपून टाकतात. त्यापेक्षा तळं आवडलं. ज्वालामुखीच्या मुखात साठलेलं, १८०० फुटांवर, काठाला देवळं आणि पायऱ्यांवर टपून बसलेली माकडं. १९७२ मध्ये गंगेचं पाणी आणून ह्यात मिसळलं, तेव्हापासून हे गंगातलाव. महाशिवरात्रीला बेटाच्या कानाकोपऱ्यातून लाखो लोक कावडी घेऊन चालत इथे येतात. भाऊ सांगत होता, त्या दिवसांत रस्ताभर लोक चालणाऱ्यांना फुकट सरबत आणि खाणं देतात. म्हणजे वारीच.

दर्शन घेतलं आणि पायरीवर बसून बांधून आणलेले वडे काढले. कागद सोडतेय तोवर एक वडा गेला. माकडाने माझ्या डोळ्यांत बघून, घाई न करता उचलला. ही माकडं इथली नव्हेत, गलबतांवरून आलेली. ह्या बेटावर गलबतातून न आलेलं फारसं काही नाही म्हणा. जे मूळचं होतं, त्या डोडोला माणसांनी सतराव्या शतकातच संपवलं.

पेत्राँच्या पुढे राष्ट्रीय उद्यान सुरू होतं. १९९४ मध्ये जाहीर झालेलं, ब्लॅक रिव्हर गॉर्जेस. रस्ता प्लेन शाम्पान्यवर चढतो, ७०० मीटरच्या वर, बेटावर रस्ता जिथपर्यंत जातो त्यातला सगळ्यात उंच भाग. इथे एक गंमत दिसली. रस्त्याकडेला गाड्याच गाड्या, माणूस एक दिसेना, आणि झुडपांतून बोलण्याचे आवाज. अख्खी कुटुंबं झाडीत घुसून चिनी पेरू तोडत होती. जांभळाएवढा, लाल, आंबटगोड. हंगाम संपत आला तरी झुडपं लगडलेली. उद्यानाच्या दृष्टीने हा पेरू म्हणजे संकट, मूळच्या जंगलाला गिळून बसलेला, आपल्याकडच्या घाणेरीसारखा. तो उपटून देशी झाडं लावण्याची खटपट चालू आहे. पण घाणेरीला मीठ-मिरची लावून खाता येत नाही, पेरूला येते, त्यामुळे लोक कोणाच्या बाजूने आहेत हे उघड आहे.

पाणी प्यायला थांबले तर एका आजींनी ओंजळभर पेरू पुढे केले. सोबत मुलगा, सून आणि बारा वर्षांची नात. आजी क्रेओल बोलत होत्या, मध्येच हिंदी. माझ्या पाठपिशवीवर बारक्या अक्षरात 'चिपळूण' शिवलेलं आहे. नातीने ते एकेक अक्षर लावत वाचलं, एकदम ताठ उभी राहिली आणि शाळेत फळ्यासमोर उभं राहतात तसं म्हणाली, "नमस्कार. आपण कोठून आलात?"

कोठून! आमच्या घरात कोणी 'कोठून' म्हटल्याला पन्नास वर्षं झाली असतील. मला हसूही आलं आणि पुढचं वाक्य पटकन सुचेना. ती शाळेत मराठी शिकते, हा ऐच्छिक विषय असतो. घरात कोणी बोलत नाही. आजींना आरत्या तोंडपाठ, पण 'पाणी', 'देव', 'बस' अशा सुट्ट्या शब्दांच्या पुढे वाक्य जात नाही. मग संभाषण असं चाललं की आजी क्रेओलमध्ये, नात शाळेच्या मराठीत, मी चिपळूणच्या, आणि अडलं की सून इंग्रजीत.

मी विचारलं, गणपतीत काय करता? इथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते हे ठाऊक होतं. आजी म्हणाल्या, "झाकरी." मी म्हटलं, जाखडी. त्या म्हणाल्या, "झाकरी." मी सांगितलं, आमच्याकडे गावोगाव नाचतात, जाखडी, मधे ढोलकीवाला आणि भोवती फेर. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मला समजावल्यासारखं हळू उच्चारलं, "झा-क-री." बाहेरून आलेल्या बाईला नीट बोलता येत नाही, पण शिकेल, असा चेहरा. मी माघार घेतली. त्यांनी तो शब्द तिथे शंभर-दीडशे वर्षं सांभाळलाय, त्याचा उच्चार कसा करायचा हे मी कोण सांगणार?

१८३४ पासून पुढच्या पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसं करार करून ह्या बेटावर उसात राबायला आली. बहुतेक कलकत्ता आणि मद्रासहून, थोडी मुंबईहून, आणि त्या थोड्यांत कोकणातली. पोर्ट लुईला ती जिथे उतरली तो आप्रवासी घाट आम्ही बुधवारी पाहिला होता. सोळा दगडी पायऱ्या, आता जागतिक वारसा. चिपळूणकरांना घाट म्हटलं की गाडी पहिल्या गिअरवर टाकायची एवढंच सुचतं, तर हा दुसरा घाट. आजींच्या आजेसासऱ्यांचे वडील रत्नागिरीहून आले असं त्यांच्या घरात सांगतात. रत्नागिरी म्हणजे गाव, जिल्हा की डोंगर, ते कोणाला माहीत नव्हतं. मी म्हटलं, माझाच जिल्हा तो. मोठा आहे का? मी सांगितलं, तुमचं हे बेट त्यात चार वेळा मावेल.

नातीने भाषांतर केलं. आजींनी जरा विचार करून नातीला काही विचारलं, आणि तिने तेच मला, अगदी शुद्ध मराठीत विचारलं, "मग ते इकडे कशासाठी आले?"

पेरूंची पिशवी हँडलला बांधून निघाले. पुढचे दोन किलोमीटर चढ होता की उतार, आठवत नाही.

दरीच्या कडेवरच्या मनोऱ्याशी बसगाड्यांतून उतरलेली गर्दी. समोर ब्लॅक रिव्हरची दरी आणि बेटाचं सर्वोच्च शिखर, ८२८ मीटर. कळसूबाईच्या साधारण निम्मं. आकडा ऐकून हसायला येतं, पण समुद्र इतका जवळ असला की निम्मी उंचीही पुरते. धुकं इथे संपलं. अक्षरशः रेघ मारल्यासारखं. मागे राखाडी, पुढे कडकडीत ऊन. वारा सगळं पाणी पठारावर ओतून मोकळा होतो, पश्चिमेला कोरडाच पोचतो. घरी मी कुंभार्ली चढून कोयनेच्या पुढे गेले की हेच होतं, फक्त घरी पाऊस पश्चिमेकडून येतो आणि इथे पूर्वेकडून. दिशा उलटी, क्रम तोच.

शामारेलची सप्तरंगी माती तिकीट काढून पाहिली. लाल, तपकिरी, जांभळट अशा मातीच्या उघड्या टेकड्या, कुंपणाआड. लाव्हा झिजून, पावसाने बाकीचं सगळं धुऊन नेल्यावर लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं उरतात त्यांचे हे रंग. आमच्या जांभ्याचंच भावंड. सुंदर आहे, पण जिच्या अंगणाला जांभ्याचा गडगा आहे तिने तिकीट काढावं इतकी नाही.

आणि मग उतार. शामारेलपासून काझ न्वायालपर्यंत, पाच-सहा किलोमीटरमध्ये रस्ता थेट समुद्रावर जाऊन पडतो. एका वळणावर झाडी बाजूला होते आणि खाली खाजणाची हिरवी-निळी पट्टी, त्यात बेनितिए बेट, आणि टोकाला ल मॉर्नचा कडा, ५५६ मीटर, तिन्ही बाजूंनी तुटलेला. मळ्यांतून पळालेले गुलाम ह्या कड्यावर लपून राहत. १८३५ मध्ये गुलामी संपली, ते सांगायला शिपाई वर चढले, त्यांना पकडायला आलेत असं वाटून लोकांनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी गोष्ट सांगतात. खरी की रचलेली, कोणास ठाऊक. एकट्या माणसाने उतारावर ऐकावी अशी ती नाही. मी दोन्ही ब्रेक दाबून उभी होते आणि रिमला बोट लावलं तर चटका बसला. तिथून प्रत्येक दुसऱ्या वळणावर थांबत, ब्रेक निवू देत, म्हातारी बाई जिना उतरते तशी उतरले. मागच्या गाड्या कंटाळून पुढे गेल्या. जाऊ देत.

खाली उकाडा, खारा वास, बोरीबाभळीसारखी काटेरी झुडपं. सकाळी जाकीट घालून काकडत होते ते ह्याच बेटावर, असं सांगूनही खरं वाटलं नसतं. रविवार दुपार, त्यामुळे गावातली दुकानं बंद. पाणी संपत आलं, पेरू होते. रिव्हिएर न्वार, मग तामाराँ. तामाराँ म्हणजे चिंच, तीच आपली, अरबी-फ्रेंच फिरून आलेली. दोनदा कुत्री मागे लागली, एकदा चेन पडली, ह्यावेळी स्वतःहून लहान चक्रावर, जेव्हा मोठं हवं होतं. साडेपाचला, सूर्य पाण्याला टेकायला आला असताना, भावाच्या फाटकाशी. ८३ किलोमीटर.

भाचा दार उघडून म्हणाला, "आत्या, हात बघ तुझे!"

सोमवार

पाय दुखत नव्हते, मनगटं दुखत होती. ब्रेक.

भावजयीने पिशवीतले पेरू परातीत ओतले. अर्धे चेचले होते. चेचलेल्यांचा तिने साखर घालून मुरंबा लावला, उरलेले आम्ही मीठ-मिरची लावून उभ्याउभ्याच संपवले.

अकरा वाजता सायकल परत करायला गेले. दुकानदाराला म्हटलं, चढावर पुढचा लहान गिअर पडत नाही, चेन हाताने बसवावी लागली. त्याने सायकल स्टँडवर चढवली, पॅडल हाताने फिरवलं, दांडी दाबली. चेन लोण्यासारखी लहान चक्रावर उतरली. परत वर, परत खाली. तीनदा. मग त्याने माझ्याकडे बघितलं.

मी दोन्ही हात त्याच्यासमोर पालथे धरले. नखांतलं वंगण साबणाने गेलं नव्हतं.